यान वर, नवरा घरात

बुधवार, ८ ऑक्टोबर

उड्डाण पुढे ढकललं. कारण काय, तर वारा. सकाळपासून सगळे टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेले, उलटी मोजणी अर्ध्यावर थांबली आणि निवेदक हसतमुखाने म्हणाला, उद्या पुन्हा प्रयत्न करू. म्हणजे आजची कटकट उद्या परत पहिल्यापासून.

हा म्हणाला, "वाटलंच होतं." काय वाटलं होतं? ह्याला हल्ली सगळंच आधी वाटलेलं असतं.

ह्या वेळी ह्याने त्या यानात असायला हवं होतं. पट्टे बांधून, पाठीवर पडून, पाय वर करून. त्याऐवजी माझ्या सोफ्यावर पाठीवर पडून पाय वर केलेत. दोन वर्षं तालीम केली. यानाच्या यांत्रिक हाताने एक भरकटलेला उपग्रह पकडायचा, दुरुस्त होईपर्यंत धरून ठेवायचा, मग सोडून द्यायचा. तो हात हा चालवणार होता. आणि गेल्या महिन्यात शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी डाव्या कानात बॅटरी मारली अन् मान हलवली. सर्दी. कानात पाणी. ऐकायला कमी येतंय. उतरवला! ह्याच्या जागी धाकटा गेला. धाकटा म्हणजे ह्याच्याच हाताखाली तयार झालेला. चाळिशीला टेकला तरी सगळे त्याला धाकटाच म्हणतात.

मोहिमेच्या चीफने ह्याला सांगितलं होतं, नियंत्रण कक्षात बस, वरच्यांशी तू बोल. हा म्हणाला, मला रजा द्या. मिळाली रजा. माझ्या रजेचं कोण बघणार?

सासूबाई मुलाचं उड्डाण बघायला म्हणून आल्या होत्या. नवा स्वेटर घेऊन. मुलगा गेला नाही, पण त्याही गेल्या नाहीत.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गेलं एकदाचं.

शेवटची दहा मिनिटं ह्याची बडबड चालू. "आता धाकटा तिसरं बटण दाबेल. आता हेल्मेटची काच खाली घेईल. घे की, घे." जणू नाटकाच्या विंगेत उभा राहून दुसऱ्याचे संवाद म्हणतोय. मी म्हणाले, "अरे, ऐकू दे जरा." गप्प नाही झाला. पण खालून जाळ निघाला, ते प्रचंड धूड हललं आणि उचललं गेलं, तेव्हा मात्र एक शब्द नाही. धुराची रेघ टीव्हीवर उरली होती तोवर बघत बसला. मग उठून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत होता. दाढी तर त्याने सकाळीच केली होती.

लेक दारात उभी राहून बघत होती. आत आली नाही. उड्डाण झालं तशी वळून खोलीत गेली, दार लावून घेतलं.

दुपारी धाकटीचा फोन. धाकट्याची बायको, म्हणून आमच्या घरात ती धाकटी. तिकडे उड्डाणाच्या ठिकाणी कडेवर बाळ घेऊन उभी होती. "ताई, गेला हो," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी धीर दिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे रडणं माझ्या वाट्याचं होतं. बरं झालं की वाईट, तेही कळेना.

सासूबाईंनी स्वेटर घातला होता. घरात उकडत असताना.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

लेकीने घरातल्या सगळ्या दारांच्या मुठी पुन्हा पुसल्या. जंतुनाशकाच्या वासाने डोकं उठलंय. माझ्या दुकानात चष्म्यांचा वास, घरी दवाखान्याचा. टेलिफोन पुसते, दिव्यांची बटणं पुसते, रिमोट पुसते. स्वतःचं ताट वेगळं, पेला वेगळा. जेवायला टेबलावर येत नाही. मी ओरडले, "अगं, सर्दी जाऊन तुला तीन आठवडे झाले, आता पुरे." तिने ऐकून घेतलं आणि फ्रिजची मूठ पुसली.

कार्टी आहे सोळा वर्षांची आणि हट्ट बापाचा.

शाळेच्या सहलीवरून नाक गळत आली होती. तपासणीआधी ह्याने आठवडाभर लोकांपासून दूर राहायचं असा नियम होता, घरच्यांपासूनसुद्धा. ती धावत आली आणि सरळ ह्याच्या गळ्यात पडली, तिथल्या पोहण्याच्या शर्यतीत पहिली आली होती म्हणून. ह्यानेही तिला उचललं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुढे ह्याचा कान भरला, डॉक्टरांनी उतरवला, त्या दिवशी जेवताना हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "आठ दिवस लांब राहायला सांगितलं होतं ना?"

एवढंच. ना आवाज चढवला, ना पुढे काही बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणं ओसरून जातं.

तेव्हापासून ह्या घरात बाप-लेकीचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "घे". आता तर मीठही नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

टीव्हीचा आवाज! आज एवढंच लिहायचंय. शेजारी भिंतीवर ठोकून गेले.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचा प्रकार लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

फळवाली मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "बाई, फार वाईट झालं. अजून वय तरी काय होतं?" मी म्हणाले, कुणाचं? तर म्हणे, "तुमच्या मालकांचं. आजींनी सांगितलं, मुलगा वर गेला."

मी तिथेच हसावं की बसावं अशी उभी. तिने काल सासूबाईंना सफरचंदं दिली होती, वर पाठीवरून हातही फिरवला होता. सासूबाईंनी सफरचंदं घेतली होती.

घरी येऊन विचारलं, "आई, तुम्ही काय सांगत सुटलाय लोकांना?"

"वर गेलाय म्हणाले. यानातून. तिला मेलीला अर्धंच ऐकू येतं."

"पण तो वर गेला नाहीये. तो तिथे सोफ्यावर बसलाय."

सासूबाईंनी शांतपणे सफरचंद चिरलं. त्यांच्या गावी सगळ्या मैत्रिणींना त्यांनी दोन वर्षं सांगून ठेवलंय, माझा मुलगा जाणार. आता सर्दीने राहिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा गेलाय म्हणावं, चार दिवसांचा तर प्रश्न. फोनवर त्या रोज एकीला खबर देतात. काल मी माझ्या कानांनी ऐकलं, "हो, बोलला ना. म्हणाला, आई, इथून सगळं छोटं दिसतं."

ह्याला सांगितलं तर हा रागवेल असं वाटलं. हा म्हणाला, "बरं मग मी गॅलरीत जात नाही." आणि खरंच नाही गेला. पडदाही ओढून घेतला. आता घरात उजेडसुद्धा नाही. एकाला सांगावं तर दुसरा त्याच्यावर कडी करतो.

सोमवार, १३ ऑक्टोबर

उपग्रह पकडायचा पहिला प्रयत्न. हुकला.

दुकानातून आले तर हा टीव्हीसमोर उभा, दोन्ही हात पुढे, हवेत नसलेल्या दांड्या धरून. "डावीकडे. अरे, डावीकडे. मनगट वळव, कोपर नको." उपग्रहाच्या पोटाला एक खुंटी आहे, त्या खुंटीवर यांत्रिक हाताची पकड बसली पाहिजे. आज हात पोचला, खुंटीला नुसता लागला आणि उपग्रह आधी सरळ फिरत होता तो आता झिंगल्यासारखा डोलायला लागला.

"मी असतो तर पकडला असता," हा म्हणाला.

मला म्हणायचं होतं, असतास तर. नाही म्हणाले. त्याबद्दल मला कुणी शाबासकी देणार नाही, म्हणून इथे लिहिते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा हुकला. आता उपग्रह जास्तच डोलतोय. इंधन मोजकं आहे, आणखी एकदाच जवळ जाता येईल, नाहीतर उपग्रह सोडून परत. टीव्हीवर कुठल्याशा तज्ज्ञाने सांगितलं की मोहिमेला शेवटच्या क्षणी केलेला बदल भोवला. हा त्यावर हसला. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी चीफचा फोन. सासूबाईंनी उचलला. ह्याने लांबूनच हात हलवून खूण केली, नाही म्हणून सांग. झालं. सासूबाई फोनवर, "नाही हो, तो वर गेलाय."

तिकडे चीफ. ज्याने ह्याला स्वतः खाली ठेवला तो चीफ! मी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. चीफ म्हणाला, "वहिनी, त्याला पाठवा. ह्या हातावर त्याच्याइतकं काम कुणी केलेलं नाही. आज सिम्युलेटरवर बसून काहीतरी वाट काढायला हवी."

मी ह्याला सांगितलं. हा म्हणाला, "आता कशाला? मी रजेवर आहे."

"तो धाकटा तुझाच ना? तू शिकवलेला?"

"शिकवलं ते त्याने केलं असतं तर ही वेळ आली नसती."

"तुला तो हुकायला हवाय का?"

ह्याने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. चिडक्या माणसाला बाई सहन करते, रडक्यालाही करते, पण जो दुसऱ्याच्या पडण्याची वाट बघत बसतो त्याच्याबरोबर एका घरात कसं राहायचं? मी हे मोठ्याने बोलले की मनात, मला आठवत नाही. सासूबाई आत निघून गेल्या म्हणजे मोठ्यानेच बोलले असणार.

तेवढ्यात लेक खोलीतून बाहेर आली. हातात पुसायचं फडकं. दारातच थांबली, नेहमीसारखी लांब.

"बाबा, तू नाही गेलास आणि त्यांना नाही जमलं, तर तेही माझ्यामुळेच होईल."

आवाज अगदी साधा. शाळेतलं गणित सांगावं तसा.

हा तिच्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल. मग उठला, बूट शोधायला लागला. एक सापडेना. सगळ्यांनी मिळून तो बूट शोधला. सोफ्याखाली होता. जाताना दारात थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग म्हणाला, "जेवायला थांबू नका."

एवढंच सुचावं माणसाला!

बुधवार, १५ ऑक्टोबर

हा घरी नाही. घर इतकं शांत की सासूबाईंनी स्वतःहून टीव्ही लावला.

दुकान उघडावंच लागलं. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी डोळे तपासायच्या खोलीत बस-डेपोतले निवृत्त साहेब बसलेले, बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब घालून. त्यांना समोरचं सगळं धूसर. मी काउंटरवरचा छोटा टीव्ही लावला तशी त्यांनी आरामखुर्चीतून सुरुवात केली.

"काय चाललंय?"

"हात पुढे गेलाय."

"कुणाचा?"

"यंत्राचा हो. यानाचा."

"मग?"

"थांबलाय."

"का थांबलाय?"

मला काय माहीत का थांबलाय. धाकटा तो हात अवकाशात एका जागी धरून नुसता थांबला होता. आणि उपग्रह डोलत, गिरक्या घेत समोरून जातोय. खुंटी जवळ आली, गेली. पुन्हा आली, गेली. काल-परवा हात तिच्या मागे धावत होता, आज जागचा हलत नव्हता. टीव्हीवरचे लोकही बोलायचे थांबले.

"बाई, सांगा ना."

"खुंटी येतेय. आली. नाही. गेली. परत येतेय. थोडी वर आहे. आता खाली —"

साहेब म्हणाले, "तुम्ही आधी श्वास घ्या. मी थांबतो."

खुंटी आली आणि पकड मिटली. उपग्रह एकदा हिसडला, हाताला धरून डोलला आणि स्थिर झाला. नियंत्रण कक्षात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी त्या गर्दीत ह्याला शोधलं. कडेला बसला होता, कानाला हेडफोन, मान खाली. टाळ्या वाजवत नव्हता. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते.

"जमलं?" साहेबांनी विचारलं.

"जमलं."

"मग रडताय का?"

गिऱ्हाइकाला काय काय सांगायचं!

गुरुवार, १६ ऑक्टोबर

हा सकाळी आला. दाढी वाढलेली, शर्टावर कॉफी. मी अंडी करून दिली. सगळी खाल्ली, मग सांगायला लागला. मी दुकानाला उशीर केला.

सिम्युलेटरवर बसल्या बसल्या ह्याच्या लक्षात आलं की सगळे खुंटीचा पाठलाग करतायत. पाठलाग केला की हात लागतो आणि ती आणखी पळते. म्हणून हात तिच्या वाटेत धरायचा आणि वाट बघायची. ती आपल्या पायाने येईल. युक्ती ह्याची. चीफने वर धाकट्याला सांगायला ह्यालाच बसवला.

"मग झालं की तुझ्या मनासारखं," मी म्हणाले.

"तुला एक सांगू?" हा म्हणाला. "मी स्वतः सिम्युलेटरवर तेच किती वेळा केलं. एकदाही जमलं नाही. खुंटी समोर आली की माझा हात पुढे जायचा. थांबवतच नव्हतं. धाकट्याचा नाही गेला. त्याने पहिल्या फटक्यात पकडला." रिकामं ताट बाजूला सारलं. "मी वर असतो तर हुकला असता."

मी कॉफी ओतली.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण "माझ्याने जमलं नसतं" हे वाक्य ह्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. चिडायचं विसरूनच गेले. दुपारपर्यंत.

दुपारी कळलं, हा परत नियंत्रण कक्षात जाताना गाडीची किल्ली घेऊन गेलाय. माझ्या गाडीची.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

उपग्रह पकडता येतो, पोरीशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

सकाळी तिच्या दाराशी गेला, टकटक केली. ती म्हणाली, "काय?" हा म्हणाला, "काही नाही. शाळा आहे का आज?" शुक्रवार आहे! शाळा असणारच. ती म्हणाली, "आहे." हा परत आला.

मी म्हणाले, "अरे, नुसतं सांग तिला, तुझी चूक नव्हती."

"पण सर्दी तिचीच होती ना," हा म्हणाला. अगदी प्रामाणिकपणे. "मी खोटं कसं बोलू?"

कपाळ माझं. आई गावभर मुलगा अंतराळात पाठवते आणि मुलाला एक खोटं वाक्य बोलवत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

लेकीने आज टेलिफोन दोनदा पुसला. हा बघत होता. मी दोघांना बघत होते. सासूबाई फोन मोकळा व्हायची वाट बघत होत्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

उपग्रह दुरुस्त होऊन सुटला. धाकट्याने हळूच पकड उघडली, हात मागे घेतला, आणि तो आपला आपण तरंगत गेला. फार सुंदर दिसलं. ह्यालासुद्धा वाटलं असावं. म्हणाला, "छान सोडला."

चीफ घरी येऊन गेला, फुलं घेऊन. फुलं मला, बातमी ह्याला. पुढच्या वर्षीच्या मोहिमेत हात चालवायला हाच. नक्की. फक्त कानाची एक तपासणी करून कागद साफ करून घ्यायचा. सर्दी तर केव्हाच गेली, म्हणजे नुसती औपचारिकता.

हा लहान मुलासारखा हसला. मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि गॅस न लावताच चहाचं आधण बघत उभी राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा सगळं. तालीम, कुटुंबापासून दूर राहायचे दिवस, मोजणी, जाळ. ह्या वेळी मी एवढी वैतागले, पण ह्या एका गोष्टीकडे माझं लक्ष नव्हतं: रोज संध्याकाळी तो सोफ्यावर होता.

लेक म्हणाली, "बरं झालं." आणि त्या क्षणापासून तिने ह्याच्यापासून आणखीनच लांब राहायला सुरुवात केली. का, ते मला कळलं. पुढच्या वेळी तिच्यामुळे काही व्हायला नको. म्हणजे आता वर्षभर मुठी पुसणार ही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज यान उतरायचं होतं. ठरलेल्या धावपट्टीवर पाऊस. उद्या दूरच्या वाळवंटातल्या धावपट्टीवर उतरवणार. तिथे घरच्यांना वेळेत पोचता येत नाही, म्हणून धाकटी बाळाला घेऊन आमच्याकडे आली. एवढी मोठी बॅग, दुधाच्या बाटल्या, एक कापडी हत्ती. चेहरा पांढराफटक. सकाळपासून काही खाल्लेलं नाही म्हणाली. सासूबाईंनी तिला जवळ बसवून बळेच सूप पाजलं. त्या बाईत हेही आहे, ते मी विसरते.

धाकटी ह्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून."

हा म्हणाला, "नाही. त्याचा हात स्थिर होता म्हणून." पटकन म्हणाला, अडखळला नाही.

बाळ लेकीकडे झेपावलं. ती दोन पावलं मागे सरली. "मला सर्दी होती," म्हणाली.

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

धाकटीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग धर गं बाई, मला केव्हापासून बाथरूमला जायचंय," आणि बाळ तिच्या हातात देऊन निघून गेली. लेक ते बाळ काचेचं असल्यासारखं धरून उभी राहिली. बाळाने तिचं नाक पकडलं. तिने आधी मान फिरवली, मग नाही फिरवली.

हा दारातून बघत होता. मी ह्याच्याकडे नाही बघितलं. कधीकधी न बघितलेलंच बरं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

उतरलं! सुखरूप.

आज मात्र ह्याने बडबड केली ती कामाची केली. धाकटीच्या मागे उभा राहून एकेक गोष्ट आधीच सांगत होता. "आता थोडा वेळ संपर्क तुटेल. तुटणारच. हवेत शिरताना बाहेर सगळं तापतं, आवाज पोचत नाही. घाबरू नकोस." संपर्क तुटला. नियंत्रण कक्षातून कुणीतरी पुन्हा पुन्हा हाक मारत होतं आणि तिकडून नुसती खरखर. धाकटीने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहेत. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. लेक बाळाला घेऊन खिडकीपाशी. ह्याचा आवाज एकसारखा चालू, वर नाही, खाली नाही. "अजून थोडं. हे नेहमीचं आहे. अजून थोडं."

मग खरखरीतून एक माणूस बोलला. बहुतेक कमांडर. काय बोलला कुणास ठाऊक, धाकटी हुंदके द्यायला लागली होती.

ते यान येतं ना, ते विमानासारखं येत नाही. इंजिन बंद. नुसतं पडत पडत येतं. पांढरा ठिपका, मग पंख, मग एकदम जमीन. चाकं टेकली, धूळ उडाली, मागे छत्री फुलली. हा म्हणाला, "बस, आता ब्रेक," आणि थांबलं.

फोन वाजला. सासूबाईंची गावची मैत्रीण. सासूबाईंनी एकदा ह्याच्याकडे बघितलं.

"हो, हो, बघितलं. आला ना खाली. हा काय, समोरच आहे माझ्या."

ह्यात खोटं काय होतं, सांगा! हा इतका हसला की धाकटीला वाटलं रडतोय.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ह्याने पडदे उघडले. गॅलरीत उभा राहून चहा प्यायला. फळवालीने खालून बघितलं आणि तिच्या हातातली टोपली पडली. सासूबाईंनी आता निस्तरावं, मी मधे पडणार नाही.

सोमवारी कानाची तपासणी. ह्याने आतापासूनच नव्या तालमीची पुस्तकं टेबलावर मांडलीत. माझं जेवायचं टेबल!

सोमवार, २७ ऑक्टोबर

हा दुपारी आला. मी स्वयंपाकघरात होते. मला हाक न मारता सरळ लेकीच्या खोलीकडे गेला. दार उघडंच होतं. आत गेला, तिच्या पलंगावर बसला असावा, स्प्रिंग वाजली.

"तुझी सर्दी नव्हती गं," म्हणाला. "सर्दी गेली, कान तसाच आहे. आतली नस गेलीये. तीन वर्षांच्या जुन्या तपासण्या काढल्या आज, दर वर्षी थोडं थोडं कमी. तू गळ्यात पडली नसतीस तरी ह्याच वेळी अडकलो असतो."

तिने हळूच काहीतरी विचारलं. ते मला नीट ऐकू आलं नाही, ह्यालाही नसावं, कारण तिने पुन्हा विचारलं. ह्याचं उत्तर आलं.

"नाही. आता वर कधीच नाही. पण तुझ्यामुळे नाही, कळलं?"